मागची काच वेगळी असते

तुमच्या गाडीला किती प्रकारच्या काचा आहेत? हा प्रश्न कुणी विचारला, तर बहुतेक जण सांगतील, "पुढची, मागची आणि दारांच्या." खरं उत्तर मात्र वेगळं आहे. बहुतेक साध्या गाड्यांना काचा दोनच प्रकारच्या असतात. पुढची एका प्रकारची आणि बाकी सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या. हा फरक कधी पैशांचा असतो, तर कधी जिवाचा. आमच्या घरी तो एका सकाळी कळला. तो तुम्हाला काच न फोडता कळावा, म्हणून हे लिहिते आहे.

एक खडा आणि डिकीभर खडीसाखर

आम्ही राहतो येलहंका न्यू टाऊनमध्ये, बेंगळुरूच्या उत्तर टोकाला. जवळच हवाई दलाचा तळ आहे. दर दोन वर्षांनी तिथे 'एअरो इंडिया' भरतं. त्या दिवसांत लढाऊ विमानं डोक्यावरून जातात आणि घराच्या खिडक्या थरथरतात. त्या विमानांनी आमची एकही काच कधी फोडली नाही. फोडली ती एका खड्यानं, हरभऱ्याएवढ्या.

जूनची सकाळ होती. चार दिवस पाऊस पडून गेलेला, त्यामुळे समोरच्या बागेत गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. ते कापायला एक माणूस आला होता. खांद्याला पट्टा, हातात लांब दांड्याचं पेट्रोलवर चालणारं यंत्र. आमची छोटी हॅचबॅक नेहमीच्या जागी बागेच्या कडेला उभी होती. आई मागच्या सीटवर बसली होती आणि शेजारी लहान मुलांच्या खुर्चीत माझा चार वर्षांचा भाचा. बाबा फाटकाला कडी घालत होते, मी पुढचं दार उघडत होते. तेवढ्यात 'फट्' असा आवाज झाला. फटाक्यासारखा मोठा नाही, फुगा फुटल्यासारखा.

क्षणभर मागची काच जागच्या जागीच होती, फक्त अख्खी पांढरी झालेली. मग ती खाली आली. डिकीत, सीटवर, आईच्या पाठीवर आणि भाच्याच्या केसांत. आईनं काहीही विचार न करता स्वतःला त्याच्यावर झोकून दिलं होतं.

भाचा रडला नाही. मांडीवर पडलेले चौकोनी, चमकणारे तुकडे बघून तो म्हणाला, "आजी, खडीसाखर!" आणि त्यानं हात पुढे केला. आईनं तो हात वरच्यावर पकडला.

दोघांना तपासलं. आईच्या मनगटावर एक बारीक ओरखडा, भाच्याला काहीच नाही. एवढी मोठी काच अंगावर पडते आणि ओरखड्यावर भागतं, हे मला तेव्हा नशीब वाटलं. बाबा म्हणाले, "नशीब नाही. ती काच अशीच फुटावी म्हणून बनवलेली असते."

काच आणि रेल्वेचं चाक

बाबांनी सगळी नोकरी येलहंक्याच्या रेल्वे व्हील फॅक्टरीत केली. 1984मध्ये सुरू झालेला हा कारखाना रेल्वेची चाकं आणि आस बनवतो. अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातून बाबा इथे आले ते या कारखान्यामुळेच. मी बीए इंग्रजी, भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर संपला. त्यामुळे बाबांनी मला काच समजावली ती चाकावरून.

ओतलेलं चाक पुन्हा तापवतात आणि त्याच्या कडेवर पाण्याचे फवारे सोडतात. कड आधी थंड होते, आतलं पोलाद नंतर. आतला भाग आकसताना कडेला घट्ट आवळून धरतो. असं आवळलेलं पोलाद सहजासहजी तडकत नाही, कारण तडा जायला आधी ती आवळ सुटावी लागते.

गाडीच्या मागच्या काचेचंही असंच करतात, फक्त पाण्याऐवजी हवा. काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारतात. पृष्ठभाग झटकन थंड होतो, गाभा मागून. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबलेला राहतो आणि गाभा कायमचा ताणलेला. याला टेम्पर्ड काच म्हणतात. साध्या काचेपेक्षा ती कितीतरी मजबूत असते. पण एखादा टोकदार खडा जोरात लागून तडा गाभ्यापर्यंत पोहोचला, की साठलेला सगळा ताण एकदम सुटतो. मग काच एका जागी फुटत नाही, सगळीकडे एकदमच फुटते. तुकडे होतात ते छोटे आणि बोथट, सुऱ्यासारखे लांब नाहीत.

पुढची काच अगदी निराळी. ती म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. तिला लॅमिनेटेड म्हणतात. ती तडकते, जाळं पडतं, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, आतल्या माणसांवर पडत नाहीत. या काचेची गोष्टही मजेशीर आहे. 1903मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचं एक भांडं खाली पडलं. ते तडकलं, पण विखुरलं नाही, कारण आत पूर्वी ठेवलेल्या द्रवाचा पातळ थर वाळून चिकटला होता. 1909मध्ये त्यानं या कल्पनेचं पेटंट घेतलं.

म्हणूनच पुढच्या काचेला खडा लागून छोटा टवका उडाला, तर तो खास रसायन भरून दुरुस्त करता येतो. मागची काच दुरुस्त होत नाही. ती एकतर शाबूत असते किंवा नसते. टेम्पर केल्यावर ती कापताही येत नाही. त्यामुळे 'जरा मोठी आणून घासून बसवू' असं चालत नाही, तुमच्याच मॉडेलची काच लागते.

आधी काय केलं

काच फुटल्यावर हात आपोआप तुकडे उचलायला जातो. तो आवरा. आम्ही ज्या क्रमानं गेलो, तो सांगते. तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी माणसं बाहेर. भाच्याला खुर्चीतून सरळ वर उचललं, घसरवत नाही. त्याला डोळे चोळू दिले नाहीत. डोकं पुढे वाकवून केस हलकेच झटकले, कपडे अंगणातच बदलले.

मग फोटो. बाहेरून, आतून, गाडीच्या नंबरासकट आणि तो खडा जिथे सापडला तिथले. विमा मागा किंवा मागू नका, फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

मग जाड हातमोजे आणि व्हॅक्यूम क्लीनर. तुकडे कुठे कुठे सापडले म्हणाल, तर सीटच्या शिवणीत, पट्ट्याच्या बकलात, डिकीच्या दाराच्या आतल्या पोकळीत. मुलाच्या खुर्चीचं कापड पूर्ण काढून झटकलं आणि सीटबेल्ट कुठे कापला गेला आहे का, तेही पाहिलं.

शेवटी जाड प्लास्टिक. ते रंगकामात वापरतात त्या कागदी पट्टीनं चिकटवा. खाकी टेपनं रंगावर डिंक राहतो. अशी गाडी दुकानापर्यंत नेणार असाल, तर पुढच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. मागची काच नसलेल्या गाडीत सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो.

पैसे कुणी द्यायचे?

हे सगळं चाललं असताना तो गवत कापणारा माणूस तसाच उभा होता. यंत्र बंद, पण पट्टा अजून खांद्यावर. आमच्याकडे येऊन त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं ते काचेबद्दल नव्हतं. त्यानं विचारलं, "मगू हेंगद?" म्हणजे पोर कसं आहे?

त्याचं कानडी बेंगळुरूचं नव्हतं. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं. "यावूर निमदु?" गाव कुठलं? तो म्हणाला, आळंदकडचा. आळंद तालुका आमच्या अक्कलकोटला लागून, मधे फक्त राज्याची सीमा. बाबांनी अर्धं आयुष्य जी भाषा गावच्या बाजारात ऐकली, त्याच भाषेत दोघं बोलू लागले.

इतक्यात कामाचा ठेका घेणारा मुकादम आला. त्यानं एका वाक्यात निकाल लावला. "काळजी करू नका साहेब, याच्या मजुरीतून कापून घेतो." त्या माणसाचा चेहरा तेव्हा पडला नाही. त्याला तेच अपेक्षित असावं. त्यानं फक्त विचारलं की हप्ते करून चालेल का.

बाबा त्याच्याकडे वळून म्हणाले, "हेदरब्याडप्पा." घाबरू नको रे बाबा.

आमच्या घरात खरा वाद पेटला तो त्यानंतर. बाबांचं म्हणणं, आपण भरू आणि विषय संपवू. आई म्हणाली, "त्या माणसाकडून एक रुपया घ्यायचा नाही, हे मलाही मान्य आहे. पण मुकादमाला का सोडायचं? उद्या दुसऱ्या कुणाचं पोर तिथे उभं असेल, आणि मधे काच नसेल."

आईचं बोलणं मला पटलं. मी त्या यंत्राची माहिती काढली. गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्याजवळ एक आडोसा असतो, उडणारे खडे अडवण्यासाठी. त्या यंत्रावर तो नव्हताच. कुणीतरी केव्हातरी काढून टाकला होता आणि यंत्र तसंच मजुराच्या हातात दिलं होतं. अशा यंत्रांच्या माहितीपुस्तकांत साधारणपणे लिहिलेलं असतं की, काम चालू असताना इतर माणसं किमान 15 मीटर लांब हवीत. आमची गाडी चार मीटरवर असेल. गाडी हलवा, असं कुणाला सांगण्याची पद्धतच नव्हती.

मग मी रहिवासी मंडळाला पत्र लिहिलं. कंटेंट रायटर म्हणून मी दिवसभर लोकांच्या वस्तूंची वर्णनं लिहिते. आमच्या घरात माझ्या इंग्रजीच्या पदवीचा हा पहिला ठोस उपयोग. पत्रात तीनच मागण्या होत्या. या माणसाची मजुरी कापू नये. यंत्राला आडोसा बसवल्याशिवाय काम करू नये. आणि काचेचा खर्च ठेकेदारानं द्यावा.

पहिल्या दोन मागण्या आठवडाभरात मान्य झाल्या. तिसरीवर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी ठेकेदारानं अर्धा खर्च दिला. आई अजूनही म्हणते, पूर्ण मिळायला हवा होता.

विम्याचं गणित

"विमा आहे ना, मग कशाला डोकेफोड?" असं शेजारच्या काकांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रत्येक गाडीचं वेगळं येतं, म्हणून गणित तुम्हीच करून बघा.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीची काच त्यात येत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर येते. काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र 50 टक्के कापला जातो. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी दाव्यातले पहिले 1,000 रुपये तुमचेच.

मोठी वजाबाकी मात्र पुढे असते. वर्षभर दावा केला नाही की पुढच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. मग ती 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्क्यांपर्यंत चढते. हीच नो क्लेम बोनस. सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरतो त्या हप्त्यावर असते. एकदा दावा केला की नेहमीच्या पॉलिसीत ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं.

बाबांची सूट 50 टक्क्यांवर होती. दरवर्षी 4,000 रुपयांचा हप्ता धरा. दावा केला असता, तर पहिल्या वर्षी 50 टक्के सूट हातची गेली असती, मग 30, 25, 15 आणि 5. बेरीज 125 टक्के, म्हणजे पाच वर्षांत 5,000 रुपये. काच बसवायला लागणार होते 5,200 आणि त्यातले पहिले 1,000 आमचेच. म्हणजे हातात 4,200 मिळवण्यासाठी 5,000 गमवायचे. बाबांनी दावा केला नाही.

तुमची गाडी महाग असेल, मागच्या काचेचे 15,000 रुपये होत असतील किंवा तुमची सूट अजून पहिल्या पायरीवर असेल, तर उत्तर उलटं येईल. काही पॉलिसींत फक्त काच बदलली तर सूट जात नाही, अशी सोय असते. म्हणून आधी कागद वाचा, मग फोन करा.

दुकानात

बेंगळुरूत गाडीचा सुटा भाग म्हटलं की जुनी माणसं जे. सी. रोडचं नाव घेतात. बाबांचाही ओढा तिकडेच. पण प्लास्टिक लावलेल्या गाडीनं, पावसात, हेब्बाळचा फ्लायओव्हर ओलांडून शहराच्या मध्यात जायचं? आई नको म्हणाली. येलहंक्यातल्याच एका छोट्या दुकानानं दुसऱ्या दिवशी काच मागवून दिली.

काच घेताना चार गोष्टी पाहा. कोपऱ्यात आयएस 2553 हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का. काचेवरच्या आडव्या तपकिरी रेषा तुमच्या जुन्या काचेसारख्याच आहेत का. त्या शोभेच्या नसतात, त्यांतून वीज जाते आणि काचेवरचं धुकं निघतं. मागच्या वायपरचं भोक योग्य जागी आहे का. आणि कडेची काळी पट्टी कुठे खरवडलेली नाही ना. ती पट्टी खालच्या गोंदाचं उन्हापासून रक्षण करते.

बसवताना कारागिरानं जुना गोंद पात्यानं तासला, प्रायमर लावला, नव्या गोंदाची सलग वळी फिरवली आणि काच टेकवून पट्ट्यांनी धरली. हा गोंद हवेतला ओलावा शोषून घट्ट होतो. किती तास गाडी हलवायची नाही, हे त्या गोंदाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते विचारा. पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते. नंतर पाण्याची धार सोडून गळती तपासा.

जाताना कारागीर म्हणाला, "काळी फिल्म लावून देऊ का? स्वस्तात करतो." नको. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2012च्या निकालात अशा फिल्मवर बंदी घातली आणि तो निकाल अभिषेक गोयंका यांच्या याचिकेवर आला. मोटार वाहन नियमांनुसार मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

पाऊस येण्याआधी

आता तो जिवाचा फरक. 21 मे 2023 रोजी बेंगळुरूत अचानक पाऊस कोसळला. के. आर. सर्कलच्या भुयारी रस्त्यात साठलेल्या पाण्यात एका कुटुंबाची कार अडकली आणि आतली एक तरुण मुलगी दगावली. आमच्या येलहंक्यातही केंद्रीय विहारमध्ये नोव्हेंबर 2021 आणि ऑक्टोबर 2024 मध्ये एवढं पाणी शिरलं की लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. पाण्याची वेळ सांगून येत नाही.

गाडी पाण्यात अडकली तर पहिला नियम, पट्टे सोडा आणि खिडक्या लगेच उघडा. काही मिनिटं तरी त्या चालण्याची शक्यता असते. उघडल्या नाहीत, तर पुढच्या काचेवर शक्ती घालवू नका. ती तडकेल, पण पापुद्रा वाट देणार नाही. दाराची किंवा मागची टेम्पर्ड काच कोपऱ्याजवळ टोकदार हातोडीनं फोडा. इंजिनाच्या वजनानं गाडीचं नाक आधी खाली जातं, म्हणून मागची काच बराच वेळ वर राहू शकते. छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवा, डिकीत नको. काही नव्या गाड्यांत दारांच्या काचाही लॅमिनेटेड असतात. त्यामुळे कोपऱ्यातली बारीक अक्षरं आजच वाचा. तिथे बहुतेक वेळा काचेचा प्रकार छापलेला असतो.

आमच्या बागेत आता गवत कापण्याच्या आदल्या संध्याकाळी सूचना येते आणि रस्त्याच्या बाजूला हिरवी जाळी धरली जाते. ती धरायला दुसरा माणूस लागतो. त्याची मजुरी कुणी द्यायची, यावर मंडळाच्या गेल्या बैठकीत तासभर चर्चा झाली. आई पहिल्या रांगेत बसली होती.